तीसपर्यंत मोज

बाबांच्या खोपटात, मिठाच्या पोत्यांमागे
बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला.
झाकणावर कुणी राणी,
गंजाने तिचा एक गाल खाल्लेला.
आत एकोणतीस काडतुसं.
कागदी. एके काळी लाल असावीत.

मी अल्बर्टाहून घर विकायला आले होते.
घराला गिऱ्हाईक नव्हतं,
पण डब्याची बातमी खाडीपलीकडे आधीच पोचली
आणि सेल्बी पडिस्टर आला.
वय चौऱ्याऐंशी, डावा कान ठार बंद.
बूट न काढता मेजावर वर्तमानपत्र पसरून बसला.

एकेक उचलायचा.
नखाने तोंड दाबून बघायचा, घडी उसवलीय का.
मग अंगठा फिरवायचा सगळीकडून:
ज्याला पोट सुटलं ते नळीत शिरायचं नाही,
शिरलं तर निघायचं नाही.
मग पितळ.
"हे नुसतं काळवंडलंय. हे कळकलंय, बघ,
हिरवं पार टोपीच्या कडेपर्यंत गेलंय.
आत काय शिजतंय ते देवाला ठाऊक."
शेवटी उजव्या कानाशी हलवायचा.
छरे खुळखुळले की मान डोलवायचा,
ते हो की नाही, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

एक त्याने चाकूने चिरलं.
दारूचा गोळा झाला होता, ओल्या साखरेसारखा.
हुंगून म्हणाला, "एकोणीसशे बासष्ट.
ह्याच पेटीतली आम्ही टर मारायला नेली होती,
मी आणि गार्लंड, एका होडीत."
गार्लंड म्हणजे बाबा.
दोघे अकरा वर्षं बोलत नव्हते. एका इंजिनावरून.

"आणि नक्की न सांगता येणारी?"
"नक्की नाही म्हणजे नाहीच."
असं म्हणाला,
आणि तसलीच तीन खिशात टाकली.

धक्क्याच्या टोकाशी वारा पाठीत.
दुनळी त्याची, हट्ट माझा.
पहिलं वाजलं. खरंच वाजलं.
पाण्यावरचे सगळे पक्षी एकदम उठले
आणि मी शाळेतल्या मुलीसारखी ओरडले.

दुसरं: टक्.
"उघडू नकोस! नळी समुद्राकडेच. तीसपर्यंत मोज."
एक. दोन.
उशिरा पेटणारंही असतं एखादं, तो म्हणाला.
सात. आठ.
मार्चमध्ये बाबांचा फोन आला होता.
"बर्फ फुटला," म्हणाले. मग बराच वेळ काहीच नाही.
मी कामावर होते. म्हटलं, बरं, नंतर बोलू.
एकोणीस.
वीस.
तीस झाले. मी पुढेही मोजत राहिले,
चाळीसला त्याने बंदूक हातातून घेतली.

तिसरं त्याने स्वतः उडवलं.
धड आवाज नाही. फुस्स,
ओल्या लाकडातून वाफ निघावी तसं.
मी हसले. फुसका बार!
तो हसला नाही.
दुनळी मोडून रिकामी केली, आकाशाकडे धरली,
मला म्हणाला, डोळा लाव.

उजव्या नळीत गोल, स्वच्छ, राखाडी आभाळ.
डाव्या नळीत रात्र.

"न वाजणाऱ्याला घाबरू नये, थांबावं.
हे असलं, अर्धं बोलून गप्प बसतं ना,
ह्याच्या मागून दुसरं उडवलंस
की नळी फुटते. आणि नळी धरलेला हात."
मग बराच वेळ डाव्या हाताकडे बघत राहिला.
हात धड होता. पाचही बोटं.
"गार्लंडने थांबवलं होतं मला," एवढंच म्हणाला.

पितळी दांड्याने ठोकून ठोकून
नमद्याची चकती बाहेर काढली,
मागून वाळूसारखे छरे.

दुसऱ्या दिवशी डबा पोलीस ठाण्यात नेला.
पोरसवदा हवालदार दोनदा मोजून म्हणाला, सत्तावीस.
न वाजलेलं धरून, आणि चिरलेलं.

चकती मात्र माझ्याकडे राहिली.
बाबांच्या खोलीतली खिडकी रात्रभर खडखडते,
तिच्या चौकटीत खोचली.
जरा जाड पडते. पण बसली.