जादा हप्ता

रावपुऱ्याच्या शाखेत एकतीस वर्षं
माझ्या टेबलाच्या काचेखाली एक तक्ता होता.
डावीकडे उंची, वर वजन,
रेघेबाहेर गेलेल्या माणसाला जादा हप्ता.

विनायकराव फणसे, सत्त्याण्णव किलो.
दांडिया बाजारात घड्याळं दुरुस्त करायचे.
स्टुलावर मावत नसत, पण केसाएवढी स्प्रिंग
चिमट्यात धरली की बोट हलत नसे.
मी लाल शाईनं शेरा मारला.
ते हसले, "म्हणजे मी लवकर जाणार,
आणि त्याचे पैसे आधी मीच भरायचे?"

तपासणीचे डॉक्टर पोतनीस काटकुळे,
कमाटीबागेत रोज पाच फेऱ्या.
बावन्नाव्या वर्षी गेले. चौथ्या फेरीत.
फणसे मुदत संपल्यावर चेक न्यायला स्वतः आले,
जिन्यात तीनदा थांबले,
पायाच्या अंगठ्याला बँडेज,
सहीच्या आधी धाप पुसली रुमालानं.

यावरून काही सिद्ध होत नाही, ठाऊक आहे.
तक्ता हजारांचा असतो.
फणशांचे दोन भाऊ, त्यांच्याच अंगाचे,
चाळिशीही पाहू शकले नाहीत.
ते मी कुणाला सांगताना गाळतो.

काल बागेच्या फाटकाशी
वजनकाट्यावर चढलो, नाणं टाकलं.
चाक फिरलं, दिवे लुकलुकले, तिकीट पडलं.
एका बाजूला आकडा, रेघेच्या बराच बाहेर.
दुसऱ्या बाजूला गुजरातीत भविष्य:
प्रवास लाभदायक.

किती वाजले पाहिलं.
घड्याळ फणशांनीच शेवटचं उघडलेलं,
ते गेल्यावर कुणाला दाखवलं नाही.
रोज चार मिनिटं पुढे जातं.