अर्धं ओगराळं पाणी

अंबादास म्हणाला, शनिवारी ये, घाम काढू.
मी म्हटलं, बे, मे महिना आहे, सोलापूर आहे,
घामाला काय आता पत्रिका पाठवायची?

तरी गेलो.
अक्कलकोट रोडला, यंत्रमागांच्या शेडमागं,
जिथं त्याच्या बापाचं सूत वाळायचं
तिथं त्यानं लाकडी खोली बांधलीय, बैलगाडीएवढी.
लाकूड जुन्या हातमागांचं.
एका फळीवर अजून धोट्याची घासलेली वाट दिसते.

खोली बायकोसाठी. बायको एस्टोनियाची.
दोन कंटेनर टॉवेल विकायला गेला होता तिकडं,
येताना मारेत आली.
नाव ऐकून सासू दचकली होती :
कुणाला मारेत? आणि का?
आता तीच तिला तेलुगूत शिव्या शिकवते.

कमरेला पंचा, डोक्यावर लोकरीची टोपी.
टोपी कशाला?
डोकं शिजू नये म्हणून, मारेत म्हणाली.
मराठी बरं बोलते, फक्त ळ जमत नाही,
ओगराळ्याला ओगरालं म्हणते.

आत काटा नव्वदला टेकलेला.
मी तीस वर्षं डायहाउसमध्ये काढलीत,
वाफ मला कुणी शिकवू नये.
वाफ म्हणजे व्हॉल्व्हची शिट्टी, सोड्याचा वास,
वाफ म्हणजे घाई :
लॉट निघाला का, रंग बसला का,
कोण बसलंय रे तिकडं?

इथं आम्ही तिघं बसलोच होतो.
आणि कुणी काही विचारत नव्हतं.

चुलीवर सीनेच्या पात्रातले काळे दगड,
मधोमध एकच तांबूस, दुसऱ्या जातीचा,
तिच्या आजीच्या घरचा.
विमानतळावर त्याला तीनदा उलटापालटा केला म्हणे.

तिनं ओगराळं बादलीत बुडवलं
आणि माझ्या तोंडून गेलंच,
अगं, नळ पाचव्या दिवशी येतो!
ती हसली नाही.
निम्मं परत बादलीत ओतलं.
अर्धं पुरतं, म्हणाली. दगडाची तहान लहान असते.

चर्र.
मग चर्र विझला आणि ती आली,
छतावरून, पाठीमागून,
ओळखीच्या माणसानं खांद्यावर हात ठेवावा तशी.
लेइल, अंबादास पुटपुटला,
वाफेला हे लोक लेइल म्हणतात.
जुन्या बोलीत त्याच शब्दाचा अर्थ जीव.

भूर्ज इथं कुठला मिळणार?
कडुलिंबाच्या डहाळ्यांची जुडी, भिजवलेली,
पाठीवर सपसप.
आता कळलं, मी म्हटलं, नाव मारेत का ते.
या वेळी मात्र हसली.
गोवर आला तेव्हाच्या अंथरुणाचा वास
चाळीस वर्षांनी पाठीतून नाकात आला.

मग बऱ्याच वेळानं, कुणाला न सांगितल्यासारखं :
आजी अशाच खोलीत जन्मली.
गेली तेव्हा तिथंच तिला न्हाऊ घातलं.
घरातली सगळ्यात स्वच्छ जागा तीच ना.

बापाला आम्ही बोळात न्हाऊ घातलं, पाटावर.
नखांतला लाल काही निघेना.
रिठा लावला, रॉकेल लावलं,
काकानं दाढीचं ब्लेडसुद्धा काढलं.
आई म्हणाली, राहू द्या,
एवढा एकच रंग त्यानं घरी आणला.

मी माझे पंजे वर धरले.
अंधारात नखं दिसली नाहीत.
अजून अर्धं टाक,
मीच म्हणालो.

बाहेर आलो तेव्हा रात्रीचे अकरा, पारा चौतिसावर,
आणि खोटं नाही सांगत,
मला सोलापुरात, मे महिन्यात, थंडी वाजली.
म्हातारीनं चादर आणून अंगावर टाकली,
एक्स्पोर्टमधून परत आलेली, एका मोराला पाय नसलेली.
ताक दिलं. शेंगाची चटणी, कडक भाकरी.
तिघंही कडाकडा मोडत राहिलो.

बादलीत उरलेलं पाणी मारेतनं
ज्या लिंबाच्या डहाळ्या तोडल्या होत्या
त्याच्याच बुडाशी ओतलं.

ते बघून म्हातारी म्हणाली,
पहाटे चारला नळ आहे.
कुणी झोपून राहू नका.