चार आस

कुताइसीत, रिओनी नदीच्या काठी, पिठाच्या बंद गिरणीत
वर्लाम लाकडाचे सज्जे कोरतो.
म्हणजे कोरायचा. आता त्याचा अंगठा
छिन्नीचं ऐकत नाही,
म्हणून मी हे यंत्र जोडतेय:
चार मोटारी, चार ड्रायव्हर
आणि तळहाताएवढा एक हिरवा बोर्ड,
ज्यानं प्रत्येकीला सांगायचं,
आता एक पाऊल टाक. आता थांब.

पहिला दिवस तारांतच गेला.
काळी, हिरवी, लाल, निळी,
कोण कोणाची जोडीदार, कुठंच लिहिलेलं नाही.
मीटरची बॅटरी मेलेली, दुकान सोमवारपर्यंत बंद.
वर्लाम म्हणाला, दोन तारा एकमेकींना टेकव
आणि आस बोटांनी फिरवून बघ.
काळी आणि लाल: गरकन फिरला.
काळी आणि हिरवी: जड झाला, अडखळला,
आतून कोणी बोट धरल्यासारखा.
"या सख्ख्या," वर्लाम म्हणाला
आणि हात पुसून चहा ठेवायला गेला.
ट्रकच्या कारखान्यात आठ वर्षं काढलीत त्यानं,
हे मला त्या दिवशी कळलं.

एक्स लगेच चालला.
वाय उलटा: उजवीकडे म्हटलं की डावीकडे,
थेट माझ्या धाकट्या भावासारखा.
एका जोडीच्या तारा उलटून लावल्या, सुधारला.
भावाचं तसं काही करता येत नाही.
झेड जागच्या जागी थरथरत नुसता गुणगुणायचा;
करंटचा स्क्रू पाव फेरा पिळला,
तेव्हा कुठं त्यानं आपला भार उचलला.
पण वीज गेली की तो स्वतःच्याच वजनानं
खाली घसरतो. इथं वीज जाते.

राहिला चौथा आस. माझी सगळी आस त्याच्यावर.
तो खांब फिरवणार, आणि खांबावर
द्राक्षाची वेल चढणार, नऊ वेढे.

पहिली पानं नेमकी आली.
मग देठ सरकला, केसभर.
मग गव्हाच्या दाण्याएवढा.
नवव्या वेढ्यापाशी अख्खा घड
खांबाच्या पाठीमागे जाऊन लोंबत होता,
रुसून बसलेल्या पाहुण्यासारखा.

पट्टा ताणला. वेग निम्मा केला.
ड्रायव्हरवर पंखा बसवला, आईच्या हेअर ड्रायरमधला.
आई अजून शोधतेय.
सूक्ष्म पावलांची बटणं तपासली, सोळा. पुन्हा तपासली, सोळाच.
अक्रोडाचे सात खांब वाया गेले
आणि वर्लाम त्यांच्या ढिगावर बसून
खाचापुरी खात राहिला, एक शब्द न बोलता.
त्याचं न बोलणंही मला ऐकू यायचं.

आठवा खांब लावण्याआधी तो म्हणाला,
याला एकाच दिशेनं शंभर वेढे फिरव.
फिरवले.
पेन्सिलीची खूण खुणेवर आली.
"सरळ जाताना चुकत नाही हा.
मागे वळताना चुकतो. दर वळणाला
एक पाऊल सांडतो कुठंतरी."

खरंच होतं. वेल म्हणजे काय,
हजार वेळा पुढं जाऊन मागे वळणं.
आणि दिशा बदलायच्या नेमक्या त्याच क्षणी
बोर्ड पावलाचाही हुकूम सोडत होता.
ते एक पाऊल मग ना इकडचं, ना तिकडचं.

सेटिंगमध्ये एक चौकट, तिच्यात एक खूण.
खूण काढली. बस, एवढंच.
तीन आठवडे, सात खांब, आणि एवढंच.

तुला कसं कळलं, मी विचारलं.
वर्लाम दोनदा सालोनिकाला कामाला गेला
आणि दोनदा परत आला.
त्यानं भुसा फुंकला.
घड आपल्या जागी होता, मण्यासकट.
बोटानं त्यानं देठ चाचपला, खालपासून वर,
आणि एका पानाशी थांबून म्हणाला,
हे जरा जास्तच बरोबर आहे.

दिवे मालवून आम्ही निघालो.
जिन्यात मध्येच तो थबकला.
"झेडखाली ठोकळा ठेवलास?"
ठेवलाय, म्हटलं.
तिसऱ्या खांबाचा तुकडा.
तरी तो वर जाऊन बघून आला.