उलट टपाली

कपाटाला दोन कुलुपं.
एक किल्ली माझ्याकडे,
दुसरी गायकैवारी सरांच्या खणात, आणि सर नांदेडला.
म्हणजे आज काही उघडत नाही.
तरी उत्पादन शुल्कचे लोणकर आलेत, रजिस्टर मागतात.
"मागच्या महिन्यात चाळीस मिलिग्रॅम,
आता साडेएकोणचाळीस.
अर्धा कुठे गेला, मॅडम?"
उंदरांत, म्हणते मी.
ते लिहून घेतात: उंदरांत.

पाषाणला गुरुवारी वीज जाते, हे सगळ्यांना माहीत,
फ्रीझर सोडून.
जनरेटर धापा टाकत उठेपर्यंत
उणे ऐंशीतल्या मेंदूंसाठी
आम्ही तिघं दाराला पाठ लावून उभे,
चुकून कुणी उघडू नये म्हणून.

कोथरूडला, जिन्यात, गोखलेनगरहून आलेल्या नव्या शेजारीण बाई विचारतात,
गांजावर का गं पण?
काय सांगू. गांजा तर पाहुणा.
घर त्याच्या आधीपासून होतं,
कुलूप होतं, किल्लीही घरातलीच.
ती सापडली तेव्हा परदेशात बसून कुणी
तिला आपल्याकडचा शब्द दिला, आनंद,
आणि मागे रसायनाचं शेपूट.

पेशी पेशीला निरोप धाडते, पुढे, कायम पुढे.
हा एक उलटा जातो,
ऐकणाऱ्याकडून बोलणाऱ्याकडे, उलट टपाली:
पोचलं. आता हळू.
त्याचं हातावर पोट.
साठा नाही, कपाट नाही, लोणकर नाहीत.
गरज पडली की चरबीच्या पडद्यातून खुडायचा,
आणि मिनिटांत त्याला तोडायला एन्झाइम हजर.
आमची सगळी ग्रँट त्या एन्झाइमच्या मागे.
जरा थांब ना रे, एवढंच त्याला म्हणायला
तीन वर्षं, एक्केचाळीस लाख.

आईला जानेवारीत नागीण झाली.
फोड गेले, आग राहिली,
डाव्या बरगडीखाली, वीतभर.
साडीचा काठ लागला तरी कळवळते.
रात्री दोनला हॉलमध्ये येरझारा,
पदर अंगापासून लांब धरून,
जणू दुसऱ्या कुणाचा.
"तुझ्या त्या कपाटात असेल ना काहीतरी?"

आहे.
उंदराला दिलं तर तापल्या पत्र्यावर पंजा
चार सेकंद जास्त टिकतो.
चार सेकंद, आई.
आणि ते उंदीर, तू माणूस,
मध्ये वीसेक वर्षं आणि लोणकर.

हे म्हटलं नाही.
म्हटलं, "आमच्याकडे तुझ्या मापाचं काही नसतं गं,
सगळं उंदरांच्या मापाचं."
ती हसली.
हसताना बरगडी हलली, कळ आली असणार,
तरी हसू मध्येच टाकलं नाही तिनं.
मी सवयीनं घड्याळ बघितलं.
सात सेकंद.

नमुना संख्या एक.
सर म्हणतील, छापता यायचं नाही.

"झोप आता," ती म्हणाली,
पदर तसाच लांब धरून,
"उद्या गुरुवार. तुला दार धरायचंय."