पट्टी

एकतीस वर्षं मी पाणी जोखते.
बाउतिनोच्या धक्क्यावर, सकाळी आठला, रात्री आठला,
लाकडी पट्टीवरचा आकडा वहीत उतरवते.
आकडा नेहमी उणे. हा कॅस्पियन
जगातल्या सगळ्या समुद्रांपेक्षा खाली बसलेला,
दाराजवळ जागा मिळालेल्या पाहुण्यासारखा.

मुळात समुद्र की सरोवर, यावरच
वर्षानुवर्षं खल चालला.
समुद्र म्हटलं तर एक कायदा, सरोवर म्हटलं तर दुसरा,
आणि तोवर पाच शेजारी
एकमेकांना पाण्यात पाहत राहिले.
माझी आई तर नुसतं 'ते' म्हणायची:
'ते आज गप्प आहे.'

मग करार झाला. पंधरा मैल ज्याचे त्याचे,
पुढचे दहा मासेमारीला,
आणि सहाव्या कुणाचं सैन्य आत नको.
हे कलम मला आवडलं.
पाचांच्या तोफांचं काय, विचारलं तर
साहेब म्हणाले, 'समतोल.'

समतोल म्हणजे महिन्यातून दोनदा रेडिओ:
अमुक अक्षांश, तमुक रेखांश, सराव, जाळी टाकू नयेत.
माझा भाऊ सेइसेन तेव्हा उंबऱ्यात
न फाटलेलं जाळं शिवत बसतो.

एप्रिलमध्ये राजधानीतून वकील आला, दानाबेक.
त्याच्या चकचकीत बुटांकडे पाहून
मी नवऱ्याचे गमबूट काढून दिले.
मैल मोजायचे तर आधी मूळ रेघ लागते.
'पाण्याची कड दाखवा,' म्हणाला.
चाललो. शिंपले, एक टायर, खारट चिखल,
सील ऊन खात पडायचे तो खडक,
आता नुसता खडक.
वीस मिनिटांनी त्याने नकाशा उलगडला.
'यात आपण दोघं बुडालोय.'

पाण्यावरच्या रेघेचं काय होतं, शेंबडं पोरही सांगेल.
रेघेखालून पाणीच उठून गेलं तर?
त्याने कलमं चाळली. वाऱ्याने पानं उलटी केली.

त्याच शरदात गस्तीनौका बंदरात रुतली,
कुशीवर कलंडलेली, तोफेवर ताडपत्री.
खलाशी शिडी लावून उतरले
आणि चिखल तुडवत चहाला गेले.
सेइसेन हसला. मीही हसणार होते,
तेवढ्यात तिच्यामागे रुतलेली त्याची होडी दिसली.

शस्त्रं अशी खाली ठेवलेली नको होती मला.

आज पट्टी कोरड्यात उभी आहे.
तीनशे पावलं पुढे नवी ठोकायला
सोमवारी माणसं येणार आहेत, म्हणे.
तोवर काय लिहू, मी कार्यालयाला विचारलं.
उत्तर आलं: जुनाच आकडा लिहा.

सकाळी आठ. वारा वायव्येचा.
पुढचा रकाना मी रिकामा सोडलाय.