त्रैराशिक

साठ किलोच्या माणसाला एक गोळी,
तर साडेतीन किलोच्या मांजराला किती?
छत्तीस वर्षं वर्गात शिकवलेलं गणित
हेडाऊबाईंनी इमामवाड्यातल्या आपल्या ओट्यावर
माझ्याच दुकानाच्या बिलामागं सोडवलं.
उत्तर आलं : सतरावा भाग.
ब्लेडनं सतरावा भाग पडेना,
पाव पडला.
मे महिना, कूलरची मोटर जळालेली,
खारीक तापानं डोळे मिटून पडलेली,
अन् पाव म्हणजे असा कितीसा, जी?

गोळी मी विकली होती.
कोणासाठी, ते विचारलं नव्हतं.
तापाच्या गोळीला कोण विचारतं.

दुसऱ्या दिवशी खारकेच्या हिरड्या
उकळून उकळून काळपट पडलेल्या चहासारख्या.
तोंड सुजलेलं, पंजे सुजलेले.
सेमिनरी हिल्सच्या दवाखान्यात
डॉक्टर टेंभुर्णे ओरडले नाहीत,
बाईंसाठी स्टूल पुढे सरकवलं.
"मांजर म्हणजे बारका माणूस नव्हे, बाई."

मग सलाईनची सुई शोधता शोधता सांगत राहिले :
आपलं काळीज, म्हणजे जुन्या अर्थानं काळीज, यकृत,
आल्या औषधाला साखरेची शिदोरी बांधून
वाटेला लावतं.
मांजराच्या काळजाला ही रीत ठाऊक नाही.
पाहुणा आत येतो
अन् जायचं नावच घेत नाही.

मी दाराशी उभा.
मला आठवला अमरावती रोडवरच्या लॅबमधला ससा,
धोतऱ्याची पानं खाऊन
निवांत कान हलवत बसलेला.
आम्ही बारा पोरं श्वास रोखून,
अन् त्याच्या रक्तानं विष वाटेतच कातरून टाकलेलं.
परीक्षेत लिहिलं होतं मी ते. चार मार्क.
हेही लिहिलं होतं की
गाईच्या पोटातल्या हौदात गोळी
विहिरीत टाकलेल्या नाण्यासारखी बुडते,
अन् शेळी कित्येकदा सकाळचं औषध
दुपारपर्यंत झटकून मोकळी होते.
माहीत होतं सगळं.
माहीत असणं अन् काउंटरवर आठवणं
यांच्या मधात चार फूट काच आहे.

खारीक तिसऱ्या रात्री गेली.

पुढच्या महिन्यात बाई आल्या,
बीपीच्या गोळ्यांना, नेहमीसारख्या.
पैसे मोजून दिले. मग पर्समधून
कागदाची पुडी काढून काचेवर ठेवली :
पाऊण गोळी.
"वापस घ्या, पराते.
गुणाकार-भागाकार बरोबर होता.
मांडणीच चुकली."
वर्गातल्या पोराला सांगावं, तशा म्हणाल्या.

काल एक पोरगं आलं, सायकल न लावताच.
"अंगदुखीची द्या, कडक."
"कोणासाठी?"
"आबाजीसाठी."
"किडनीचे आहेत का ते?"
पोरगं माझ्याकडे पाहूनच राहिलं.
"मंगळवारी-शुक्रवारी मेडिकलला नेतो आम्ही त्यांना.
तुम्हाला काऊन माहीत?"

मी डब्याकडे गेलेला हात मागं घेतला,
अन् म्हटलं, त्यांच्या डॉक्टरला फोन लाव आधी.
गल्ल्यात सुट्टे शोधताना
पुडी बोटाला लागली.