शुक्रवारी येशील तर

यायचंच तर शुक्रवारी ये.
बाकीचे दिवस म्हापसा वकिलांचं आणि दातांच्या डॉक्टरांचं.
आठच्या आत पोच. नऊनंतर
केळीवाल्यांचा आवाज बसतो आणि भाव चढतो.

कुठं खावं, काय घ्यावं,
आणि ‘कलेचं काही पाहण्यासारखं’,
असं तू विचारलंयस. क्रमानं सांगतो,
क्रम टिकेल याची खात्री नाही.

आधी खा.
स्टँडच्या तिकीटखिडकीकडे पाठ कर, डाव्या हाताला मणेरकर.
पाटी नाही, रांग आहे.
पातळभाजी नि सुकी, एकत्र. पाव की उंडो विचारतील,
उंडो सांग. फोडलास की वाफ येते तो आजचा.
मिरचीचं भजं आधी अर्धंच खा.
चहा तिथं नको. चहा इनासच्या गाड्यावर.

मग घे.
मयडेची केळी, जून पण हिरवट असतानाच.
मातीचं भांडं बोटानं वाजवून; जे ठसकतं ते ठेव खाली.
चोरिसांच्या माळा तुझ्या घरात चालत नसतील
तर नुसती उभी राहा, वासाला पैसे पडत नाहीत.
काजूवाला सातदा चव देईल,
आठव्यांदा लाजून तू पाव किलो घेशील.
मीही घेतो.

आता कला.
दालनं पणजीला आहेत, थंड हवेची, ती तू पाहशीलच.
म्हापशातलं चित्र चुन्याखाली आहे.

मासळीबाजाराची मागची भिंत, बर्फाच्या खोक्यांच्या वर.
शाणू च्यारीनं रंगवलेला इसवण, अठरा फूट,
पाट्या रंगवून उरलेल्या डब्यांतून:
पोटाचं रुपेरी एका बेकरीचं,
कल्ल्यांचा लाल कुठल्याशा बारचा,
पाठीचा निळा सायकलच्या दुकानाचा.
तो निळा मी भरला. सोळा वर्षांचा होतो, शिडी हलत होती.
डोळा त्यानं मला दिला नाही.
डोळा त्यानं पिएदादचा काढला. ती तेव्हा नुकती बसायला लागलेली,
कुणाशी हसायची नाही.
माशाचाच आहे, म्हणाला.
ती म्हणाली, नुस्तें अशें पळयना.

पुढं कोण मंत्री यायचा होता
म्हणून पालिकेनं भिंत पांढरी केली.
शाणूनं एवढंच विचारलं, चुना किती हातांचा?
एक हात, म्हणाले.
तो हसला. एका हातानं काय झाकतं?

तर पिएदादकडून काहीतरी घे. बांगड्यांचा एक वाटा.
लॉजवर चूल नाही, माहीत आहे. तरी घे.
भाव करू नकोस.
ती विचारेल, कोणें धाडलें?
माझं नाव तिला आठवायचं नाही. ‘शिडीवाला’ म्हण.

मग ती मासे धुवायचा तांब्या उचलेल
आणि भिंतीवर मारेल.
लगेच काही दिसणार नाही. वीसपर्यंत मोज.
ओला चुना काचेसारखा होत जातो.
आधी पाठ येईल, माझा निळा,
मग कल्ले,
डोळा सगळ्यात शेवटी.
पाच मिनिटं राहतो, उन्हात तीन.
फोटोत नुसती ओली भिंत येते. काढून बघ हवा तर.

भिंत वाळेस्तोवर पिएदादकडे बघू नकोस.
तेवढा वेळ ती गिऱ्हाईक घेत नाही.

बरोबर का येत नाही म्हणून विचारशील.
बाजार शुक्रवारी,
माझं डायलिसिसही शुक्रवारी.

बांगडे इनासच्या बायकोला दे, ती तव्यावर टाकून देईल,
मीठ थोडं जास्त पडतं तिच्या हातनं.
तिथंच खा, गाड्याला टेकून.
मला उद्या परवा कधीतरी एवढंच कळव
की निळा अजून निळा आहे का.

परतीची बस साडेपाचची पकड, नंतरच्या उभ्यानं जातात.
आणि केळी मांडीवर धर,
पिशवीत काळी पडतात.